साधनेच्या आठवड्यातले मौन राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सुट्टीत आठवडाभराच्या ख्रिस्ती रिट्रीटला, म्हणजे मौन आणि प्रार्थनेच्या निवासी साधनेला, नेण्याच्या प्रथेविषयी आपल्या पत्रस्तंभात अलीकडे दोन पत्रे वाचनात आली. पहिले एका वडिलांचे होते. मुलीने घरी आणलेला छापील अर्ज पाहून, या निमित्ताने मुलांवर धर्म लादला जात नाही ना, अशी शंका त्यांनी विचारली होती. दुसरे एका युवा कार्यकर्त्याचे होते. त्यांचे म्हणणे असे की, आजची मुले मोबाइल आणि करमणूक यांवाचून सात दिवस टिकत नाहीत, तेव्हा रिट्रीट ‘आकर्षक’ करावे, गाणी आणि खेळ वाढवावेत, मौनाचे तास कमी करावेत. मी कॅथलिक आहे, मुंबईतील एका महाविद्यालयात शिकवते आणि विद्यार्थ्यांसोबतची शिक्षिका म्हणून अशा आठवड्यांना बरीच वर्षे जात आले आहे. यंदाही जाऊन आले. वडिलांच्या शंकेला उत्तर आहे आणि ते मी पुढे देणार आहे. परंतु काळजी वाटली ती दुसऱ्या पत्राची, कारण ज्या एका गोष्टीसाठी मुंबईतल्या मुलांना हा आठवडा मिळावा, तीच काढून टाकण्याची सूचना त्यात आहे.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. कॅथलिक परंपरेतल्या रिट्रीटचा साचा बव्हंशी संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेला आहे. स्पेनमधल्या बास्क भागातले हे सरदार घराण्यातले गृहस्थ १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पायाला जबर जखमी झाले, दीर्घकाळ अंथरुणाला खिळले, आणि पुढे १५२२-२३ मध्ये मान्रेसा या गावी अनेक महिने प्रार्थनेत राहिले. आपल्या मनात काय उसळते, काय ओसरते आणि त्यानंतर मागे काय उरते याची जी टिपणे त्यांनी ठेवली, त्यांतून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकाराला आला, आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. संपूर्ण साधना सुमारे ३० दिवसांची, चार ‘आठवड्यां’ची असते, मात्र हे आठवडे मोजून सात दिवसांचे नसतात, साधकाच्या गतीप्रमाणे ते लांबवावेत किंवा आखडते घ्यावेत, असे इग्नेशियस यांनीच लिहून ठेवले आहे. महाविद्यालयीन मुलांना मिळतो तो याच साधनेचा आठवडाभरात बसवलेला, सोपा केलेला भाग. हा ग्रंथ साधकाने वाचत बसावा म्हणून लिहिलेला नाही. साधना देणाऱ्याने कसे वागावे याच्या सूचनांनीच त्याची सुरुवात होते, आणि आपले युवा कार्यकर्ते नेमकी तीच पाने उलटून पुढे जातात अशी माझी तक्रार आहे.

मुंबईला हे सारे परके नाही. याच इग्नेशियस यांनी स्थापलेल्या येशूसंघाचे (जेझुइटांचे) सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ पासून येथे आहे. मुंबईतच १९३१ साली जन्मलेले फादर अँथनी डिमेलो यांनी श्वासाकडे, शरीरातल्या संवेदनांकडे आणि भोवतालच्या आवाजांकडे लक्ष देत शांत होण्याची आपल्या मातीतली रीत या साधनेला जोडली. त्यांनी पुण्यात सुरू केलेली आणि नंतर लोणावळ्याला नेलेली साधना संस्था अनेक धर्मगुरूंना ठाऊक आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १९९८ मध्ये, त्यांच्या काही मतांविषयी व्हॅटिकनने सावधगिरीची सूचना काढली, हेही येथे सांगितले पाहिजे. पण पहिल्या दिवशी नुसते डोळे मिटून बसायला सांगितले की चुळबुळ करणारी मुले ‘आता फक्त कानांवर पडणारे आवाज ऐका’ एवढ्या सूचनेवर दहा-पंधरा मिनिटे स्थिर बसतात, हा माझा अनुभव आहे, आणि ही युक्ती मुंबईकर मुलांना जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कोणाला क्वचितच पडत असेल. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या विद्यार्थी शिबिरांची घडण वेगळी असते. तेथे इग्नेशियस यांचे नाव सहसा निघत नाही, बायबलचा गटात अभ्यास होतो, रेव्हरंड टिळकांची भजने म्हटली जातात. तरीही पहाटे एकट्याने वचन वाचत बसण्याची ‘शांत वेळ’ तेथेही पाळली जाते.

आता या आठवड्यात प्रत्यक्षात काय घडते ते सांगते, कारण अर्जावर छापलेल्या वेळापत्रकातून ते कळत नाही. येताच मोबाइल एका लिफाफ्यात घालून, वर नाव लिहून, कार्यालयात जमा करायचा असतो. घरच्यांना तातडीचा निरोप देण्याघेण्यासाठी साधनागृहाचा दूरध्वनी उपलब्ध असतो. त्या लिफाफ्यावर नाव लिहिताना एरवी तोंडाळ असलेली मुलेही गप्प होतात. पहिले दोन दिवस मात्र मुले प्रार्थना वगैरे फारशी करत नाहीत, ती झोपतात. नव्या धर्मगुरूंना याचा राग येतो, जुन्यांना येत नाही. विरार किंवा कल्याणहून पहाटेची लोकल धरून साडेसातचे व्याख्यान गाठणारी, संध्याकाळी कुठे दुकानात, कुठे शिकवणीत, कुठे कॉल सेंटरमध्ये काम करणारी, आणि घरी एका खोलीत पाच-सहा जणांत अभ्यास करणारी ही मुले आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला स्वतंत्र पलंग आणि दार बंद होणारी खोली त्या आठवड्यात पहिल्यांदाच येते. त्यांना आधी झोपू द्यावे, असे मी दर वर्षी आयोजकांना सांगते.

तिसरा दिवस सर्वांत कठीण असतो. झोप पुरी झालेली असते, मोबाइल नसतो, बोलायचे नसते, आणि मग मनात जे इतके दिवस दाबून ठेवलेले असते ते वर येऊ लागते. कोणाला एटीकेटीची भीती, कोणाला घरातले भांडण, कोणाला मोडलेली मैत्री, कोणाला वडिलांचा मृत्यू. काही मुले चिडतात, सामान बांधतात, ‘वेळ फुकट जातो आहे’ असे येऊन सांगतात. आयोजकांची घाई येथेच सुरू होते. मुले कंटाळली असे समजून ते मधल्या वेळेत गिटार आणतात, खेळ घेतात, चित्रफीत दाखवतात. इग्नेशियस यांची सूचना याच्या नेमकी उलट आहे. मन कोरडे आणि उदास असताना प्रार्थनेचा ठरलेला तास लवकर संपवण्याचा मोह होतो, म्हणून अशा वेळी तासापेक्षा थोडे अधिकच बसावे, असे ते सांगतात. आणि अशा उदासीत आधी केलेला कोणताही निश्चय बदलू नये, असेही बजावतात. सोबतच्या मोठ्या माणसाने त्या मुलाजवळ थांबावे, त्याच्याशी सौम्यपणे वागावे, त्याला धीर द्यावा. करमणूक मधे आली की तिसरा दिवस टळतो, आणि तो टळला की पुढचे दिवस सहलीसारखे जातात.

तो दिवस पार पडला की चौथ्या-पाचव्या दिवशी मुले खरोखर प्रार्थना करू लागतात. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रातला, एखादा प्रसंग घ्यायचा, तो कल्पनेने डोळ्यांसमोर उभा करायचा आणि आपण त्यात कुठे आहोत ते पाहायचे, अशी ही रीत आहे. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता किती लांब, किती रुंद, सपाट की डोंगरदऱ्यांतून जाणारा, हेसुद्धा पाहावे असे इग्नेशियस सांगतात. यंदा एका मुलीने तो रस्ता कसाऱ्याच्या घाटासारखा पाहिला. दुसऱ्या एकाच्या कल्पनेत दयाळू शोमरोनी (येशूच्या दाखल्यात वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणारा परका) दादरच्या पुलावर भेटला, आणि त्याच्या बाजूने वाट काढत पुढे गेलेल्या गर्दीत तो स्वतः होता. हे त्याने संध्याकाळी आपण होऊन सांगितले. कोणी त्यावर प्रवचन दिले नाही, हे फार बरे झाले. साधना देणाऱ्याने प्रसंग थोडक्यात सांगून बाजूला व्हावे, कारण पुष्कळ माहितीने जीव तृप्त होत नाही, आतून चाखल्याने होतो, असे त्या सूचनांत आहे. आमचे बरेचसे वक्ते मात्र तासभर बोलल्याशिवाय बसत नाहीत. (आम्हा प्राध्यापकांना यावर बोलण्याचा अधिकार कितपत आहे, हा प्रश्न निराळा.)

दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण असते. आधी दिवसातल्या चांगल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानायचे, मग प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवायचा, जे चुकले त्याची क्षमा मागायची आणि उद्याचा एखादा छोटा निश्चय करायचा. आठवड्यानंतर मुले सगळे विसरली तरी एवढे करत राहतात, असे मला अनेकदा आढळले आहे. गाडीत उभ्या उभ्याही ते होते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एक वारकरी घरातला मुलगा मित्राबरोबर स्वतःच्या इच्छेने आला होता. ‘आमच्या गावी सप्ताह असतो तसाच हा वाटला, फक्त तिथे सात दिवस कोणी गप्प बसत नाही आणि इथे कोणी बोलत नाही,’ असे त्याने निघताना सांगितले. तो मिस्साच्या, म्हणजे आमच्या मुख्य उपासनाविधीच्या, वेळी बाहेर बागेत बसत असे आणि रात्रीच्या आत्मपरीक्षणाला न चुकता येत असे.

यावरून त्या वडिलांच्या शंकेकडे येते. शंका रास्त आहे आणि तिचा राग आयोजकांनी मानू नये. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार, शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेतल्या कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. अकरावी-बारावीची बहुतेक मुले अठरा वर्षांखालची असतात, हे कनिष्ठ महाविद्यालयांनी ध्यानात ठेवावे. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क समाविष्ट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले आहे. तेव्हा रिट्रीटला जाण्यावर हजेरी, गुण किंवा श्रेयांक अवलंबून ठेवणे सर्वस्वी गैर आहे; ७५ टक्के हजेरीच्या धाकात असलेल्या मुलाने दिलेल्या संमतीला संमती म्हणता येणार नाही. कॅथलिक बाजूने पाहिले तरी घाईला येथे जागा नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीला मिस्सात कम्युनियन (प्रभूभोजनाची भाकर) दिले जात नाही, आणि प्रौढ व्यक्तीला बाप्तिस्मा हवा असेल तर त्याआधी दीर्घ पूर्वतयारीचा काळ असतो. एका आठवड्यात कोणाला ख्रिस्ती करून पाठवता येईल अशी ही व्यवस्थाच नाही. इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेसाठी मुलांना कौतुकाने पाठवणारी अनेक घरे माझ्या परिचयाची आहेत. तेथेही मोबाइल नसतो, मौन असते आणि शिस्त याहून कडक असते. त्या विश्वासाने आमच्याकडे पाहावे असे वाटत असेल, तर तेथल्याप्रमाणे नियम आधी लेखी देण्याची सवय आयोजकांनी लावून घ्यायला हवी.

धर्मांतराच्या भीतीहून मला स्वतःला अधिक धोक्याची वाटते ती शेवटची रात्र. दिवे मंद करून, संगीत वाढवून, वक्त्याने आवाज चढवून मुलांना रडवण्याची प्रथा गेल्या काही वर्षांत बळावली आहे, आणि किती मुले रडली यावर रिट्रीटचे यश मोजले जाते. त्या भरात मुले काहीही ठरवतात. कोणी अभियांत्रिकी सोडून सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) जायचे ठरवतो, कोणी मैत्रिणीशी कायमचे बोलायचे नाही अशी शपथ घेतो, कोणी घरी जाऊन वडिलांना सगळे सांगून टाकायचे ठरवतो. पुढच्या आठवड्यात वर्गात तेच मूल मान खाली घालून बसलेले मी पाहिले आहे. साधकाचे मन उत्साहाने भरून आलेले असताना त्याला घाईने कोणतेही वचन किंवा व्रत घेऊ देऊ नये, आणि त्याचा स्वभाव जितका चंचल तितके अधिक सावध करावे, अशी इग्नेशियस यांची स्पष्ट सूचना आहे. त्यापुढची सूचना तर मी प्रत्येक युवा कार्यकर्त्याला पाठ करायला सांगेन. साधना देणाऱ्याने साधकाला अमुक जीवनमार्गाकडे किंवा तमुक जीवनमार्गाकडे ढकलू नये, तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहावे आणि देवाला त्या जीवाशी थेट व्यवहार करू द्यावा. धर्मगुरू व्हावे असे सांगण्याची मुभा इतर वेळी आहे, साधनेच्या काळात नाही. हे साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांनी लिहिले त्यांना तरुण मनाची ओळख आजच्या ‘युवा सल्लागारां’पेक्षा अधिक होती, असे म्हणावेसे वाटते.

मौनात वर आलेले दुःख कधी कधी मोठे असते, आणि त्यासाठी तयारी लागते. कन्फेशनमध्ये, म्हणजे धर्मगुरूपुढे एकांतात दिलेल्या पापांच्या कबुलीत, सांगितलेली गोष्ट धर्मगुरूला कोणत्याही परिस्थितीत बाहेर सांगता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. परंतु म्हणूनच, लैंगिक अत्याचार सोसलेल्या किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येणाऱ्या मुलाला कन्फेशनबाहेर बोलण्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक, आणि मुलींसाठी शक्यतो स्त्री समुपदेशक, साधनागृहात असलाच पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलावर असा अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, याची जाणीव सोबत गेलेल्या प्रत्येक शिक्षकाला हवी. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लावायला खर्च येत नाही. दुसऱ्याचे खाजगी विचार आणि पापे जाणून घेण्याचा हव्यास साधना देणाऱ्याने धरू नये, असेही त्या ग्रंथात आहे. गटात बसवून प्रत्येकाला ‘आपली कहाणी’ सांगायला लावणाऱ्यांनी ते जरूर वाचावे.

आता त्या युवा कार्यकर्त्यांच्या बाजूने जेवढे म्हणता येईल तेवढे म्हणते. साधना ही साधकाचे वय, शिक्षण आणि कुवत पाहून बेतावी, हेही इग्नेशियस यांनीच सांगितले आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला दिवसाला पाच तास ध्यानाला बसवणे व्यर्थ आहे. ध्यानाचे तास कमी करावेत, ध्याने अर्ध्या-अर्ध्या तासाची करावीत, मुलांना चालू द्यावे, बागेत काम करू द्यावे, चित्रे काढू द्यावीत, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मनसोक्त गाऊ द्यावे. मधले तीन दिवस तेवढे मौनाचे ठेवावेत आणि त्यांना हात लावू नये. वेळेचाही विचार व्हावा. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा परीक्षांच्या तोंडावर येतो, म्हणून दिवाळीची सुट्टीच बरी. मात्र सणाचे मुख्य दिवस टाळून, म्हणजे मित्रांबरोबर येऊ इच्छिणाऱ्या इतर मुलांची पंचाईत होत नाही.

खर्चाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. शुल्क धर्मग्रामाने (पॅरिशने) भरले तरी संध्याकाळचे काम करणाऱ्या मुलाची आठवड्याची मजुरी बुडते, आणि कित्येकदा कामच जाते. म्हणून दर वर्षी तीच सुस्थितीतली मुले येतात आणि ज्यांना शांततेची सर्वांत अधिक गरज आहे ती येत नाहीत. यावरही तोडगा जुनाच आहे. कामाधंद्यातून मोकळीक नसलेल्या माणसाने घरी राहून, रोज दीड तास काढून हीच साधना सावकाश करावी, अशी सोय १९व्या सूचनेत दिलेली आहे. मुंबईत हा दीड तास मिळेल, जागा मिळणार नाही. धारावीतल्या किंवा नालासोपाऱ्यातल्या मुलाने तो घरात कुठे बसून काढावा? शहरातल्या आणि उपनगरांतल्या चर्चची दारे रात्री आठनंतर बहुधा बंद असतात. त्यांतली काही जरी रात्री साडेदहापर्यंत उघडी ठेवली, पंखा आणि एक दिवा चालू ठेवला, आणि आठवड्यातून एकदा भेटायला एखादे फादर किंवा सिस्टर उपलब्ध असल्या, तर कामावरून परतणाऱ्या मुलांना हा मार्ग खुला होईल. सुरक्षेची अडचण सांगितली जाते. तिच्यावर रखवालदार हा उपाय आहे आणि त्याचा पगार एका युवा संगीत महोत्सवाच्या ध्वनियंत्रणेपेक्षा जास्त नसेल.

त्या वडिलांना माझी विनंती आहे की, त्यांनी मुलीला अर्जाविषयी नाही म्हणण्याआधी आयोजकांना दूरध्वनी करावा. मौनाचे तास किती, समुपदेशक कोण, शेवटच्या रात्री काय असते हे विचारावे, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या दिवशी मुलीला परत यावेसे वाटले तर तिला कोणाची परवानगी लागेल आणि तिला स्टेशनापर्यंत कोण सोडेल, हे विचारावे. याचे उत्तर सरळ मिळाले नाही तर सही करू नये.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका,
बोरिवली, मुंबई